कृपया चपला बाहेर काढाव्यात

३ फेब्रुवारी

पोहोचले. राधानगरीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की लाल मातीचा चढ लागतो. चढाच्या टोकाला बंगला. उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकत आलो, तरी न्याहारीच्या वेळेला इथे होतो. माझ्या नवऱ्याने, अमरेशने, गडहिंग्लजचं दुकान बंद ठेवून मला सोडायला यायचा हट्ट धरला. ट्रंक, दिवे, आकड्या, लोकरीच्या लडी, सगळं त्यानेच उतरवलं. बंगला सांभाळणारे गुंडूमामा बघत उभे होते. पावणं, बाई किती दिस ऱ्हाणार म्हणायच्या? महिनाभर, असं ऐकल्यावर म्हणाले, एक जाजम झाडाय महिना लागतोय व्हय. अमरेश म्हणाला, आमची अव्वा, माझी आई, दोन तासांत झाडून घडी घालून देईल, पण मग हिचं शिक्षण वाया जाईल की. दोघं हसले. मीही हसले.

इथल्या जुन्या गालिच्याची दुरुस्ती हे माझं पहिलं स्वतंत्र काम. जयपूरच्या संग्रहालयात इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली फाटकी वस्त्रं सांधली. इथे सही माझी असेल.

संध्याकाळी गुंडूमामांच्या बायकोने, बनामामींनी, भाकरी आणि ठेचा दिला. मी तिखट खाते हे पाहून त्यांना बरं वाटलं. फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. तिथून अमरेशला पोहोचल्याचं कळवलं. तो आधीच घरी पोहोचून जेवत होता.

४ फेब्रुवारी

हॉल उघडला. बनामामींनी कडी काढली आणि दाराशी ठेवलेल्या चपला पायात घातल्या. घरभर अनवाणी फिरणारी बाई आत जाताना चपला घालते. कापशी गावात बनतात तसल्या जाड चपला, तळाला कातड्याचे तीन पदर. भिंतीला लावून आणखी जोड्या ठेवलेल्या. मी उंबऱ्याशी माझ्या काढायला वाकले तर त्यांनी दंड धरला. ऱ्हाऊं द्यात ताई पायात. ह्या खोलीत कोण उघड्या पायानं जाईत न्हाय. गार लागतं का, असं विचारलं. व्हय, म्हणाल्या, गार लागतं.

गालिचा सुंदर आहे. दुसरा शब्द सुचत नाही. चाळीस माणसं पंगतीला बसतील एवढा, इंग्लंडातल्या हातमागावरचा, प्रत्येक गाठ हाताने मारलेली. दोनशे वर्षांपूर्वीचा तरी असावा. मधोमध गुलाबांचं मोठं वर्तुळ, चार कोपऱ्यांत उघडलेले पंखे, काठाला लिली. लाल रंग अजून ओला वाटतो.

इंग्लंडातल्या जुन्या मोठ्या घरांत छतावर जी नक्षी असे तीच खाली गालिच्यात विणत. छत आणि जमीन एकमेकांकडे बघत राहायची. संस्थानात नोकरीला आलेल्या एका साहेबाने आपल्या वडिलांच्या घरातून हा उचलून इथे आणला. इथलं छत साध्या सागवानी फळ्यांचं आहे. गालिचा ज्या छताकडे बघायचा ते छत समुद्रापलीकडे राहिलं.

गुंडूमामा म्हणतात, साहेब जाताना समदं घिऊन गेला. खुर्च्या, कपबशा, बायकुच्या थडग्याचा दगूडसुदीक. ह्येवडं मातर ठिवून गेला.

६ फेब्रुवारी

गालिच्यावर सहा ठिकाणी ठिगळं आहेत. घोंगडीची काळी लोकर, हाताने कशीतरी ओवून घट्ट गाठी मारलेल्या. गुलाबाच्या मधोमध काळा डाग. सगळ्यांत लहान ठिगळ तळहाताएवढं, सगळ्यांत मोठं परातीएवढं.

मालक पृथ्वीराज कोल्हापूरहून येऊन गेले. बंगल्याचं हॉटेल होणार आहे, शिवरात्रीनंतर उद्घाटन. त्यांनी बूट न काढता गालिच्याला फेरी घातली आणि विचारलं, ही कुणी केली घाण? बनामामींच्या सासूने, चिमणाबाईंनी, असं कळलं. त्या आता नाहीत. पृथ्वीराज म्हणाले, सगळं काळं काढा, मूळ रंगात भरून द्या. मी तेच सुचवणार होते. जुनी वाईट दुरुस्ती आधी काढायची, मग नवी करायची. आमच्या कामातला हा पहिला धडा.

दुसरा धडा, गालिच्यावर पादत्राण नाही. दुपारी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून दारावर पाटी लावली. कृपया चपला बाहेर काढाव्यात. पृथ्वीराजना ती इतकी आवडली की अशीच पितळी करून घेऊ म्हणाले.

बनामामी पाटीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. वाचता येतं त्यांना. मग झाडू भिंतीला टेकवून गेल्या. आता आत यायचं नाही म्हणतात.

१० फेब्रुवारी

कामाची पद्धत लागली. दोन ठोकळ्यांवर आडवी फळी टाकते, तीवर पालथी पडते, हातात रबरी हातमोजे. माझा भार गालिच्यावर पडत नाही, पायही टेकत नाही. अंगाचा घाम लागत नाही.

पहिलं ठिगळ आज सुटलं, सगळ्यांत लहान. गाठी इतक्या आवळलेल्या की एकेक कापावी लागली. खाली जे भोक आहे त्याचं मला कोडं पडलं आहे. झिजून पडलेल्या भोकाची कड विरळ होत जाते. ही कड गुळगुळीत आहे, आणि लोकरीची टोकं आतून वर वळलेली आहेत. खालून काही बाहेर आल्यासारखी. खाली फरशी आहे. उचलून पाहिलं. नुसती फरशी.

ठिगळात लोकरीबरोबर केस निघाले. बाईचे, लांब. बनामामींना विचारलं तर सासूचेच म्हणाल्या. लोकर कमी पडली म्हणून तिनं आपली वेणी कापली. परत आलंच न्हाईत केस. नवरा जित्ता आसताना बाई मरूस्तवर बोडकी फिरली, लोकं काय काय म्हणायची. मी विचारलं, एका ठिगळासाठी? त्या म्हणाल्या, ठिगाळ न्हवं ताई ते. तोंड शिवलंय त्येचं.

मी हे जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. अमरेशला सांगायला मजा येईल.

काढलेल्या लोकरीत कसर होती, अळ्या दिसल्या. संसर्ग पसरू नये म्हणून अंगणात जाळली. खूप वेळ जळत राहिली.

१३ फेब्रुवारी

लहान भोक मी परवा भरलं. रंग जुळवलेली नवी लोकर, मूळ पद्धतीची गाठ. काल सकाळी सगळ्या गाठी सुटून लोकर वर पडली होती. कापलेली नाही, कुरतडलेली नाही. सुटलेली. पुन्हा भरलं. आज तेच. उंदीर गाठ सोडत नाहीत हे मला माहीत आहे. दुसरं काय लिहू?

दमट वास जावा म्हणून हॉलचं दार दिवसा उघडं ठेवते. दुपारी जेवून आले तर बंगल्यातला कुत्रा, टायगर, गालिच्यावर मेलेला. कुशीवर झोपल्यासारखा. फळीवरून हात लांबवून उलटा केला तर बरगड्यांच्या जागी भोक. तळहाताएवढं, कड गुळगुळीत. आत काही नाही. पोट, काळीज, काही नाही. लाल फराटा नाही, थेंबही नाही. गालिचा कोरडा.

गुंडूमामा म्हणाले, बिबट्या. दाजीपूरच्या जंगलातनं येतोय. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी पाटी न जुमानता कापशी चपला घालूनच आत येऊन कुत्रा उचलला.

१७ फेब्रुवारी

मोना आली होती, पृथ्वीराजांची सजावटकार. कोल्हापूरची, मोठ्याने बोलणारी, मनमोकळी. टायगरचं ऐकून म्हणाली, बिबट्याला आमच्या रस्सा मंडळात घ्या, मटणाचा खर्च वाचेल. हॉटेलच्या जाहिरातीसाठी तिला गालिच्यावर बसून फोटो हवे होते. पाटी वाचली आणि सँडल काढून ओळीत ठेवली. मला बरं वाटलं, शिकलेलं माणूस सांगितलेलं ऐकतं.

गुलाबांच्या वर्तुळात मांडी घालून बसली. उठताना म्हणाली, काहीतरी टोचलं. टाचेत रुपयाएवढं भोक होतं. रक्त उशिरा आलं आणि मग थांबेना. आम्ही समजलो, काठाचा जुना खिळा. पृथ्वीराज तिला गाडीत घालून कोल्हापूरला घेऊन गेले.

मी काठ पूर्ण तपासला. सगळे खिळे कधीच काढलेले आहेत. आणि ती काठाजवळ बसलीच नव्हती.

१९ फेब्रुवारी

काम थांबवलेलं नाही. थांबवून कारण काय देऊ?

सकाळी दुसरं ठिगळ उसवलं, आणि लगेच तिसरं, परातीएवढं. आज गाठी आपणहून सुटत होत्या. आकडी लावायच्या आधी. शेवटच्या गाठींना मी हातच लावला नाही.

गालिच्याची लव पहिल्या दिवशी भिंतीतल्या शेकोटीच्या दिशेने झुकलेली होती. फोटो आहे. लव विणतानाच एका दिशेला पडते, ती बदलत नाही. आज ती दाराकडे झुकली आहे. सगळी.

बनामामी खिडकीबाहेरून बघत होत्या. शिव ताई, म्हणाल्या. निदान त्येवडं मोटं तरी शिव.

२२ फेब्रुवारी

टाकीपाशी पृथ्वीराजांचा फोन लागला. मोना बुधवारीच गेली, एकोणीस तारखेला.

दवाखान्यात, सकाळी, डॉक्टर पट्टी बदलत असताना. पाय मांडीपर्यंत उघडत गेला. शिवण उसवावी तसा, असं ते म्हणाले. दोन्ही हातांनी दाबून धरला तरी उघडत गेला. मग पोट. त्यांना रडता येत नव्हतं, नुसतं परत परत तेच सांगत होते.

बुधवारी सकाळी मी काय करत होते ते वर लिहिलं आहे.

अमरेशला फोन केला. उद्या ये आणि मला घेऊन जा, एवढंच म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही. सकाळी निघतो म्हणाला.

बनामामींनी सगळं सांगितलं. दरवाजाच्या बाहेर बसून, चपला घालून. ज्याचं उघडं कातडं गालिच्याला लागतं तो त्याचा होतो. मग गालिच्यावर जे होतं ते त्या माणसावर होतं. साहेबाची बायको अशीच गेली. चिमणाबाईंचा थोरला तसाच, रांगत आत गेला होता. त्याला वाचवायला तिने शिवलं. काळी लोकर, अगदीच कमी पडली तर काळे केस, याशिवाय कशाची गाठ धरत नाही. का, ते तिलाही माहीत नव्हतं. तिने घरातलं सगळं लावून बघितलं होतं.

पोरगं वाचलं का, मी विचारलं. गुंडूमामा लांब बसले होते. त्यांनी सदरा वर केला. बरगडीवर तळहाताएवढी काळी खूण. केसांसारखी राठ, कडेने उसवत चाललेली. ह्ये काय समोर बसलंय की, बनामामी म्हणाल्या.

ते ठिगळ मी दहा तारखेला उसवलं. बारा दिवस गुंडूमामा तसेच माझ्यासमोर वावरत आहेत. खुणेखाली गुंडाळलेलं फडकं ओलं होतं. म्हणाले, वाईच ठणकतंय. पोरीला कशाला सांगायचं म्हटलं.

घरात घोंगडी नाही. सोलापुरी चादरी आणि मिलची ब्लँकेटं. उद्या गुंडूमामा धनगरवाड्यावर जाऊन काळी लोकर आणतील. मी तिन्ही तोंडं शिवीन. मग जाईन.

पाटी काढायची राहिली. सकाळी काढते.

२३ फेब्रुवारी, सकाळ

अमरेश निघाला का बघायला टाकीवर गेले. फोन उचलत नाही. परत येताना अंगणात त्याची गाडी दिसली.

दाराशी त्याच्या चपला. नीट, जोडीने, भिंतीला लावून.

तो मधोमध उभा होता, गुलाबांत. मान वर करून छत बघत होता. मला बघून हसला. हे एवढं सुंदर आहे, तू बोलली नाहीस म्हणाला. मग म्हणाला, पवी, पाय उचलत नाहीय.

दुपार

लिहिते आहे. थोडक्यात. येणाऱ्यासाठी.

मी आणि बनामामींनी चपला घालून त्याला ओढलं. तळव्याची कातडी ताणली गेली, गालिचा बरोबर उचलला गेला. तो ओरडला तेव्हा सोडलं. मग कंबरेत भोक पडलं. तळहाताएवढं. सदरा आत ओढला गेला.

गुंडूमामा अजून धनगरवाड्याला निघाले नव्हते, ते उसाचा कोयता घेऊन आले. त्यांना वाटलं, पायाभोवतीचा तुकडा कापून काढू. मी नको म्हणेपर्यंत घाव बसला. गालिच्यात वीतभर. अमरेशची मांडी उघडली, हाडापर्यंत, त्याच लांबीत, त्याच तिरकसपणाने. कोयता कुणी त्याच्यावर चालवलाच नव्हता. रक्त वर गेलं. छताच्या फळ्यांवर.

कोयत्याच्या जोराने गुंडूमामांच्या चपलेचा अंगठा तुटला. पाय घसरला. टाच टेकली.

बरगडीचं जुनं तोंड आधी उघडलं. मग बाकीची दोन. ते गुडघ्यावर बसले, मग पसरले, मग कमी होत गेले. टायगरसारखे. सदरा, धोतर, आत काही नाही. बनामामी नाव घेऊन हाक मारत होत्या. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं असेल.

त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, तुझा अजून जित्ता हाय. तू शिव, मी माणसं आणते. चपला घट्ट करून उतार उतरल्या. म्हाताऱ्या आहेत. गाव लांब आहे.

—

वेणी कापली. मानेपासून.

गालिच्यातला घाव आधी. सुईने. मांडी मिटली. टाका घातला की मिटते. शपथ —

केस गुळगुळीत, हातमोज्यात गाठ बसत नाही. काढले. हातमोजे. बोटं लागली. माहीत होतं.

मग लहान तोंड, कंबरेचं. तळहाताएवढं. धरलं. काळं, राठ, त्याच्या अंगावर तसंच. तो श्वास घेतोय.

दुसरं तोंड, त्याच्या छातीवर उघडलेलं. धरलं. तो बोलतोय. घरी जाऊ म्हणतोय. जाऊ की.

—

परातीएवढं राहिलं. अर्धं झालं. केस संपत आले.

बनामामींनी जाताना आपली वेणी कापून ठेवली होती. मेंदीने लाल झालेली. लावली. सुटली. लावली. सुटली.

तोंड आता त्याच्या गळ्याखाली. आणि माझ्या. माझ्याही. हात लागला तेव्हापासून —

ओरडून पाहिलं. नुसता वारा. गळ्यातून वारा जातो, शिट्टीसारखा. म्हणून लिहिते. वही वर धरीन. मोठ्या अक्षरात.

डाव्या हाताने लिहिते. उजवी मूठ त्या भोकात आहे. मूठ आहे तोवर दोघांचं उघडत नाही. मनगट गेलं. दुखत नाही. आत ऊब आहे.

अमरेश डोळे उघडून छत बघतोय. मीही बघितलं. फळ्यांवर त्याचं, गुंडूमामांचं. मधोमध गोल. कोपऱ्यांत पंखे. काठाला —

बरोबर ह्याच्यासारखं. आता दोन्ही एकमेकांकडे —

—

गाड्या. दोन, तीन. चढावर. माणसं. बनामामी मागे राहिल्या असतील, चालत. पुढे गाडीवर आलेली पोरं. त्यांना काही माहीत नाही —

उंबऱ्याशी थांबले. कुणीतरी मोठ्याने वाचतंय. कृपया —

चांगली पोरं. काढतायत. एक पडली. दुसरी —

पाटी माझी आहे — ऐकू नका — घालूनच या — चपला घालू